शाखेचा रकाना

अकरावीच्या प्रवेश अर्जात शाखेचा रकाना साधारण मधोमध असायचा. त्याच्या वर विद्यार्थ्याचं नाव, आईचं नाव, जात, पोटजात, मातृभाषा आणि रक्तगट. खाली पालकाचा व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न. रक्तगट कुणालाच ठाऊक नसायचा, आणि उत्पन्न सगळ्यांना ठाऊक असूनही कुणी लिहायचं नाही. या दोन रकान्यांवर लोक खिडकीशी उभं राहून बराच वेळ विचार करत. उत्पन्नाच्या बाबतीत तर नवरा-बायकोत कुजबुज होऊन आकडा दोनदा बदलायचा. शाखेच्या रकान्यावर मात्र कुणी थबकलेलं मला फारसं दिसलं नाही. तो घरून भरूनच आणलेला असे.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, महाविद्यालयाच्या प्रवेशखिडकीच्या आतल्या बाजूला बसून मी माझी नोकरी काढली. शिपायापासून सरपंचापर्यंत सगळे मला ‘भाऊसाहेब’ म्हणत. दहावीचा निकाल लागला, की शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिकेच्या झेरॉक्स आणि टाचणीनं टोचलेले दोन फोटो यांचा ढीग माझ्यासमोर पडायचा. फोटोतल्या मुलाच्या बरोबर कपाळात टाचणी मारायची, ही पद्धत कुणी पाडली देव जाणे. पण ती जिल्हाभर एकसारखी होती.

अर्ज तपासता तपासता मला एक नाद लागला. नाव, गाव, पत्ता हे सगळं मुलाच्या अक्षरात असायचं. गोल, घोटीव, शाळेतल्या बाईंच्या धाकानं ओळीवर बसलेलं अक्षर. शाखेच्या रकान्यात आलं की अक्षर बदलायचं. तिरकं, जोरकस, बॉलपेन कागदात रुतवणारं : ‘विज्ञान’. आणि तळाशी ‘विद्यार्थ्याची सही’ पुन्हा गोल अक्षरात. काही अर्जांवर त्या रकान्यात व्हाइटनरचा डाग असे. कागद उजेडाकडे धरला, की डागाखालचं वाचता यायचं. खाली ‘कला’, वर ‘विज्ञान’. क्वचित खाली ‘विज्ञान’, वर ‘वाणिज्य’. तिथे बहुधा फीचा हिशेब झालेला असायचा. अर्ज उजेडाकडे धरू नयेत असं सेवानियमांत कुठे लिहिलेलं नव्हतं.

हा रकाना तसा फार जुना नाही. आपल्याकडे पूर्वी अकरावीची मॅट्रिक होती. दहा अधिक दोन अधिक तीन असा नवा आकृतिबंध आला, १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली आणि १९७७ साली बारावीची. शिक्षणाचं काय व्हायचं ते झालं; पण पोरांच्या दृष्टीनं एवढाच फरक पडला, की मिसरूड फुटल्यावर विचारायचा प्रश्न मिसरूड फुटायच्या आधी विचारला जाऊ लागला. ज्याला स्वतःच्या सायकलीचा रंग निवडू दिला जात नाही, त्यानं पुढच्या चाळीस वर्षांची लाईन निवडायची. बापाचं अक्षर त्या रकान्यात उतरतं यात मला कधी फार नवल वाटलं नाही. कुणीतरी लिहायलाच हवं.

बापही काही अगदी मनाला येईल ते लिहीत नसत. त्यांच्याकडे एक कोष्टक होतं, छापील नव्हे, पण पंचक्रोशीत तोंडपाठ. भरघोस टक्के पडले तर सायन्स. बरे पडले तर कॉमर्स. पास झाला तर आर्ट्स. ‘आर्ट्स’ हा शब्द उच्चारताना लोक आवाज उतरवत. एक गृहस्थ तर खिडकीत डोकं घालून, इकडे तिकडे बघून मला म्हणाले होते, “भाऊसाहेब, पोरगी हुशार आहे हो आमची, पण स्वतःहून आर्ट्स मागतेय.” काही आजार वगैरे नाही ना, असं विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

“सायन्सच का?” असं मी कधीमधी विचारायचो. गर्दी कमी असली तरच. उत्तर ठरलेलं : “सायन्स घेतलं म्हणजे कसं, सगळे दरवाजे उघडे राहतात.”

हे उत्तर मूर्खपणाचं नाही. आपल्या व्यवस्थेत उतार एकाच दिशेनं आहे. बारावी सायन्स झालेल्या मुलाला पुढे बी.ए. करता येतं, बी.कॉम. करता येतं, वकिलीला जाता येतं. आर्ट्समधून बारावी झालेल्याला मात्र बी.एस्सी.च्या दारात कुणी उभं करत नाही. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी बारावीपर्यंत पोचतंय, त्या घरातल्या माणसानं उतार बघून पाणी सोडलं तर त्याला नावं कशी ठेवणार? पण याचा अर्थ असा होतो, की आपल्याकडे सायन्स घेणं हा बऱ्याचदा निर्णय नसतोच. निर्णय पुढे ढकलायचा तो मान्यताप्राप्त मार्ग आहे.

आणि एकदा ढकलायची सवय लागली, की ती सुटत नाही. अकरावीत गणित ठेवायचं की जीवशास्त्र? दोन्ही ठेवू, बारावीला बघू. बारावीला जेईई, नीट की सीईटी? तिन्ही देऊ, नंबर कुठे लागतो ते बघू. इंजिनिअरिंगला लागला, तर पुढे गेट की एम.बी.ए.? शेवटच्या वर्षाला बघू. मग आमच्या गावाकडचा मेकॅनिकल इंजिनिअर पुण्याला सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून, महिन्याची फी भरून, अभ्यासिकेत राज्यसेवेचा अभ्यास करताना सापडतो. हातात इतिहासाचं आणि राज्यशास्त्राचं पुस्तक. म्हणजे व्हाइटनरखाली जे लिहिलेलं होतं ते सात वर्षांनी वर आलं, एवढंच. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. काय व्हायचं याचा विचार करायला सरकारनं तरी अवधी कमी दिलेला नाही.

दरवाजे इतके उघडे ठेवायचे, तर कुठल्याच खोलीत जाऊन बसता येत नाही. पण हे मी खिडकीतून बोलत नसे. खिडकीतून ‘पुढचा’ एवढंच बोलायचं असतं.

दरवाज्यांनंतर दुसरा शब्द म्हणजे ‘स्कोप’. हा वळवाच्या पावसाच्या जातीचा प्राणी. कुठल्या शिवारात पडेल सांगता येत नाही, आणि आपण पेरणी करून तयार होईपर्यंत तो पलीकडच्या तालुक्यात गेलेला असतो. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि इंजिनिअर ही वस्तू मोजक्या शहरांपुरती राहिली नाही. तेव्हा स्कोप इलेक्ट्रॉनिक्समध्ये होता. पुढे तो कॉम्प्युटरमध्ये गेला. मध्यंतरी बायोटेक्नॉलॉजी नावाचा शब्द आला. तो नक्की काय असतो हे गावात कुणाला माहीत नव्हतं, पण त्यात स्कोप आहे हे सगळ्यांना माहीत होतं. बारावीनंतर डी.एड.ला नंबर लागला म्हणून पेढे वाटलेले मी खाल्ले आहेत. दोन वर्षं काढली की शाळेत चिकटलाच, असा हिशेब होता. गावोगाव डी.एड. कॉलेजं निघाली, बाहेर पडणाऱ्यांची संख्या शाळांतल्या जागांच्या कितीतरी पुढे गेली, मग भरती थांबली, २०१३ पासून टीईटी आली, आणि त्या कॉलेजांच्या पाट्यांवर पुढे निरनिराळ्या गोष्टींच्या पाट्या चढल्या. आत्ता स्कोप एआयमध्ये आहे. आमच्या कट्ट्यावरचे एक निवृत्त तलाठी परवा नातवाला सांगत होते, “एआय कर. नाहीतर एआय तुला करील.” मला हे वाक्य नीट कळलं नाही, नातवालाही नसावं, पण परिणाम मोठा झाला.

अकरावीत शिरल्यावर विषय निवडायची जी चुरस असते, तिची गोडी आणखी वेगळी. आवड हा शब्द तिथे गुणांच्या अंगानंच येतो. जीवशास्त्राऐवजी क्रॉप सायन्स घ्या, तिथे मार्क पडतात. दुसऱ्या भाषेच्या जागी आयटी घ्या, तिथे तर पडतातच पडतात. त्यामुळे महाराष्ट्रातली मुलं महाराष्ट्र मंडळाची बारावी मराठीशिवाय पार करतात, आणि त्यांचे पालक फेब्रुवारीच्या २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिनाचे संदेश एकमेकांना पाठवतात. त्यातली र्‍हस्व-दीर्घाची स्थिती पाहिली, की पालकांच्या वेळी आयटी नव्हतं यावर विश्वास बसत नाही.

आता जरा डोंगराकडे वळू. आमच्या कॉलेजात पश्चिमेकडच्या वाड्यावस्त्यांवरून पुष्कळ मुली येत. रात्री गावात मुक्काम करणारी गाडी सकाळी त्यांना घेऊन यायची. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट. तो नसता तर माझ्या ढिगातले कितीतरी अर्ज आलेच नसते. परतीची गाडी दुपारी दीडची होती. आर्ट्सचे तास साडेबाराला संपत. सायन्सची प्रॅक्टिकलं दोनला सुरू होत. दीडनंतरची गाडी म्हणजे थेट मुक्कामाची, ती गावात पोचायची तेव्हा पूर्ण अंधार, आणि फाट्यापासून वाडीपर्यंत चालायचं ते वेगळंच.

त्या पट्ट्यातल्या मुलींच्या अर्जांवर शाखेच्या रकान्यात ‘कला’ असे. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. बापाचं अक्षरही नाही, त्यांच्याच गोल अक्षरात. गुणपत्रिका पाहिली तर गणितात, विज्ञानात उत्तम गुण. आमच्या रजिस्टरवरून कुणी प्रबंध लिहिला असता, तर ‘डोंगरी भागातील विद्यार्थिनींचा कल मानव्यविद्यांकडे आढळतो’ असा निष्कर्ष निघाला असता आणि त्यातला एकही आकडा चुकीचा नसता. एका वर्षी दीडच्या जोडीला साडेपाचची एक गाडी सुरू झाली. त्या जूनमध्ये त्याच वाड्यांमधल्या मुलींचा कल एकाएकी विज्ञानाकडे झुकला. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकं कमी पडायला लागली. प्राचार्यांनी वार्षिक अहवालात याचं श्रेय महाविद्यालयाच्या शैक्षणिक वातावरणाला दिलं होतं. तो अहवाल मीच टाइप केला.

कल ही भानगड सरकारनंही मनावर घेतली होती. २०१६ पासून काही वर्षं राज्यातल्या दहावीच्या मुलांची ‘कल चाचणी’ होत असे, संगणकावर. कृषी, वाणिज्य, ललित कला, कला व मानव्यविद्या, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी क्षेत्रं होती, आणि मुलाचा ओढा कुठे आहे ते अहवालात यायचं. बटणं दाबायला मुलांना मजा यायची. आमच्याकडे गणवेशधारी सेवेकडे कल निघालेला एक मुलगा आला होता. शर्ट बाहेर, वरची दोन बटणं उघडी. शाळेत गणवेशावरूनच त्याचे पालक तीनदा बोलावले गेले होते, असं त्याचे वडीलच सांगत होते. अहवाल हातात धरून ते बराच वेळ मुलाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “कॉमर्स टाका.”

चाचणीची थट्टा करणं सोपं आहे. पण त्यामागे जे गृहीत होतं, तेच करिअर मार्गदर्शन शिबिरातले वक्तेही धरून चालतात आणि ते मला कधी पटलं नाही. मुलाच्या आत एक आवड असते, ती शोधून काढायची, की झालं. दरवर्षी कुणीतरी पाहुणे यायचे, शाल-नारळ घ्यायचे आणि ‘तुम्हाला जे आवडतं ते करा’ असं सांगून चारच्या गाडीनं पुण्याला जायचे. पोरं टाळ्या वाजवायची. पण पंधरा वर्षांच्या पोरानं बघितलेलं काय असतं? शिक्षक, डॉक्टर, पोलीस, तलाठी, कंडक्टर, दुकानदार, आणि टीव्हीवरचा कलेक्टर. यापलीकडचं काम करणारा माणूस त्यानं कामावर असताना पाहिलेला नसतो. न पाहिलेल्या गोष्टीची आवड आत कुठून असणार?

आमच्याच जिल्ह्याचं बघा. फलटण तालुक्यात पाडेगावला ऊस संशोधन केंद्र आहे. माझ्या खिडकीसमोर उभं राहणाऱ्या दहांतल्या सात बापांच्या शेतात ‘शहाऐंशी बत्तीस’ नाहीतर ‘दोनशे पासष्ट’ ऊस उभा असायचा. त्यातला फुले २६५ हा वाण त्या केंद्राचा. उसाला तुरा येतो, एका जातीच्या तुऱ्याचा दुसरीशी संकर करायचा, त्याचं बी धरायचं, रोपं वाढवायची, हजारांतून चार निवडायची, वर्षानुवर्षं त्यांच्या नोंदी ठेवायच्या, असं काम करून माणसं पगार घेतात. ऊस कोणत्या जातीचा हे ज्या बापाला पानावरून कळतं, त्याला ती जात कुणीतरी बसून तयार केली आहे आणि ते ‘कुणीतरी’ आपली पोरगी असू शकते, हे मात्र कधी सुचलेलं नसतं.

महाबळेश्वरला लोक स्ट्रॉबेरी खायला आणि पॉइंट बघायला जातात. तिथे गव्हाच्या तांबेरा रोगावर संशोधन करणारं एक केंद्र आहे, स्वातंत्र्याआधीपासूनचं. गव्हावर तांबेरा यावा अशी आख्ख्या देशातले शेतकरी भीती बाळगतात. इथली माणसं तो मुद्दाम आणतात, कारण त्याशिवाय त्याला तोंड देणारा गहू कळणार कसा? कराडजवळ हजारमाचीला भूगर्भाचा अभ्यास करणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. कोयनेच्या परिसरात भूकंप का होतात हे समजून घ्यायला तिथल्या शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतलं. आमच्याकडे तीनशे फुटांवर पाणी लागलं नाही की बोअरवाल्याला शिव्या बसतात. ही माणसं तीन किलोमीटर गेली आणि पाणी लागू नये अशीच त्यांची इच्छा असणार. वाईला मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. जगातल्या यच्चयावत विषयांवरच्या नोंदी लिहून घेणं, तपासणं, त्यातला ‘सुमारे’ बरोबर आहे की नाही यावर वाद घालणं, हाही एक उद्योग आहे आणि तो आमच्या गावापासून एसटीच्या एका तिकिटावर आहे. विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेले. त्यांना आमच्या अर्जातला शाखेचा रकाना भरायला दिला असता तर त्यांनी काय लिहिलं असतं याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. बहुधा रकान्याच्या व्याख्येपासून सुरुवात केली असती.

इतकी वर्षं खिडकीत काढली, पण ‘पुढे काय करायचंय?’ या प्रश्नाला ‘उसाचे संकर’ किंवा ‘भूकंप’ असं उत्तर मी एकदाही ऐकलं नाही. मुलांचा दोष नाही त्यात. त्यांना कुणी नेलंच नव्हतं.

अशा वेळी कुणीतरी हमखास मोठमोठ्या माणसांची उदाहरणं काढतं. शाखा-बिखा सगळं झूट, बघा ते डॉक्टर श्रीराम लागू! उदाहरण खरं आहे. कान-नाक-घशाचे शल्यविशारद, टांझानियात जाऊन डॉक्टरकी करून आलेले, आणि मग ती सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर. काशिनाथ घाणेकर दातांचे डॉक्टर. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ पुण्यात रंगमंचावर आलं तेव्हा दिग्दर्शक डॉक्टर आणि नाना फडणवीसही डॉक्टर. पुण्याच्या बी.जे. मेडिकल कॉलेजनं मराठी माणसाच्या प्रकृतीसाठी जास्त केलं की नाटकासाठी, हा खरोखर वादाचा विषय आहे. वसंतराव देशपांडे लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करत होते. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती. त्यांनी भारताच्या इतिहासाचा अभ्यास कसा करावा हे इतिहासकारांना शिकवलं.

पण ही उदाहरणं पालकांपुढे जपून काढावीत. मी एकदा एका गृहस्थांना लागूंचं उदाहरण दिलं. त्यांच्या मुलाला नाटकात काम करायचं होतं. ते खूश झाले. म्हणाले, “बघ रे, भाऊसाहेब काय म्हणतात. आधी मेडिकल.” मुलानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती सांगत नाही. शिवाय या मंडळींची गोष्ट सांगताना आपण एक भाग गाळतो. त्यांच्या पहिल्या शाखेमुळे त्यांना दुसरी परवडली. हिशेब खात्याचा पगार दर महिन्याला येत होता म्हणून तंबोरा जुळत होता. ज्या घरात पहिलाच पगार अजून यायचा आहे, त्या घरात ‘मन मानेल ते कर’ हे वाक्य जरा महाग पडतं.

मी निवृत्त झालो आणि तेवढ्यात कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण आलं. आता पदवीला गेल्यावर एक मेजर विषय, एक मायनर, आणि वर आपल्या विद्याशाखेबाहेरचा एक ओपन इलेक्टिव्ह घ्यावा लागतो. एक वर्षानं बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चौथं वर्ष काढलंत तर ऑनर्स. कागदावर मला हे फार आवडलं. रसायनशास्त्राच्या मुलीनं इतिहास शिकावा, कॉमर्सवाल्यानं मानसशास्त्र. मी खिडकीत असतो तर उभं राहून सही केली असती. परवा शेजारच्या मुलीला विचारलं, “मेजर काय घेतलंस गं?” म्हणाली, “इकॉनॉमिक्स.” “आणि बाहेरचा विषय?” “तो अजून ठरला नाही काका. मंगळवारी दुपारी जो नसेल तो.” मंगळवारी दुपारी तिचा टॅलीचा क्लास असतो. एसटीचं वेळापत्रक गेलं, क्लासचं आलं. तरी बरं, इतिहासाचे तास सकाळी निघाले. ती आता शिवकाळातल्या महसुलाबद्दल आईला स्वयंपाकघरात प्रश्न विचारते आणि आई वैतागते. माझ्या मते धोरण तेवढ्यापुरतं यशस्वी झालं आहे.

अकरावीचंही आता खिडकीवर काही राहिलेलं नाही. २०२५-२६ पासून सगळ्या राज्याचा प्रवेश ऑनलाइन झाला. अर्जाचे दोन भाग. पहिल्यात नाव-गाव-गुण, दुसऱ्यात शाखा आणि कॉलेजांचे पसंतिक्रम, एक ते दहा. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर घ्यावंच लागतं, म्हणून लोक पहिला क्रमांक लिहिताना घाबरतात. मनासारखं मिळण्याची एवढी भीती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. व्हाइटनर संपला. अक्षरही संपलं, पडद्यावर सगळ्यांचं ‘विज्ञान’ एकाच वळणाचं दिसतं. कागद उजेडाकडे धरून काही कळण्याची सोय उरली नाही. पण लॉगिन करताना ओटीपी येतो तो वडिलांच्या मोबाइलवर. माझ्या तीस-पस्तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, अर्जाची सगळी सूत्रं त्या मोबाइलबरोबर फिरतात.

तेव्हा ज्यांच्या घरी यंदा कुणी दहावीला आहे त्यांना एवढंच सांगणं आहे. परीक्षा संपल्यापासून निकाल लागेपर्यंत दोन महिने मोकळे असतात. त्यातले दोन-चार दिवस काढा. पाडेगावसारखं, हजारमाचीसारखं काहीतरी तुमच्याही जिल्ह्यात असेल. आधी फोन करून, परवानगी घेऊन मुलांना तिथे नेऊन आणा, आणि तिथली माणसं काम करत असताना त्यांना बघू द्या. पटवून वगैरे काही देऊ नका. जूनमध्ये दुसरा भाग भरायला घेतला, की तुमच्या मोबाइलवर आलेले आकडे मोठ्यानं वाचून दाखवा, आणि कीबोर्ड मुलांकडे राहू द्या.